यक्षाला न कळलेली यक्षिणी

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने इंदूरला जाण्याचा योग आला. लग्न आटोपल्यावर एक दिवस हाताशी उरला. उज्जैन तिथून तास-दीड तासाच्या वाटेवर. आमच्या सौभाग्यवतींना महाकालाचे दर्शन घ्यायचे होते आणि मला कालिदासाची शिप्रा पाहायची होती. दिवसभरात महाकाल झाला, गोपाळ मंदिर झाले. हे मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधलेले. त्या कागलच्या घाटग्यांची लेक, म्हणजे आपल्या निपाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या. परमुलखात माहेरचे कोणी भेटावे तसे वाटले. संध्याकाळी आम्ही राम घाटावर येऊन बसलो.

शिप्रा आज कालिदासाच्या वेळची राहिलेली नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपाने उपसून तिच्यात सोडतात, तेव्हा कुठे ती भरलेली दिसते. पण घाटावर आरतीचे दिवे लागले, घंटा वाजू लागल्या आणि एम. ए. च्या वर्गात वाचलेले मेघदूत मला आठवू लागले. मेघाला जायचे आहे उत्तरेला, अलकानगरीला. तरी यक्ष त्याला सांगतो, की वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. तो यक्ष बसला आहे रामगिरीवर. महामहोपाध्याय मिराशींनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे दाखवून दिले आहे. तेव्हा निरोप निघाला तो आपल्या मराठी मुलखातूनच.

आमच्या शेजारच्या पायरीवर चाळिशीतली एक बाई सासूबाईंना घेऊन बसली होती. सासूबाईंनी द्रोणातला दिवा पाण्यात सोडला. सुनेचे लक्ष मात्र हातातल्या मोबाईलवर होते. आमची ही जरा स्पष्टवक्ती. 'आरती चाललीय, जरा बाजूला ठेवा की तो,' असे ती म्हणून गेली. बाई रागावली नाही. तिने मोबाईल आमच्यापुढे धरला. नकाशावर विमानाचे एक लहानसे चित्र मुंगीच्या गतीने सरकत होते. 'आमचे हे आहेत ना यात,' ती इंदुरी वळणाच्या मराठीत म्हणाली. 'आधी वायुदलात होते, आता प्रवासी विमान चालवतात. हैदराबादहून दिल्लीला चाललेत. आत्ता नागपूरच्या वर आहेत.'

मी चमकलो. नागपूरच्या वर म्हणजे रामटेकच्याच वर. मी तिला यक्षाची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, 'म्हणजे यक्षाचा निरोप बायकोला येतो. आणि बायकोचा निरोप घेऊन कोण जातं, सर?'

तीस वर्षे मी मुलांना कविता शिकवतो आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही तो स्वतःला विचारला नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते या लेखात वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या साहित्यशास्त्राने या बाईला फार पूर्वी नाव दिले आहे. ज्या स्त्रीचा नवरा परगावी आहे ती प्रोषितभर्तृका. भरताने सांगितलेल्या आठ नायिकांपैकी ती एक. विस्कटलेले केस, काढून ठेवलेले दागिने आणि वाट पाहणारे डोळे एवढी तिची ओळख. कालिदासाची यक्षिणी ही या नायिकांची राणी. ती काय करते? देवांना बळी वाहते. नवऱ्याचे चित्र काढते. पिंजऱ्यातल्या मैनेला विचारते, तुला धन्याची आठवण येते का. मांडीवर वीणा घेते, पण डोळ्यांतल्या पाण्याने तारा भिजतात आणि स्वतःच बसवलेली चाल ती विसरते. उंबऱ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजते. हे चित्र इतके हृद्य आहे, की गेली कितीतरी शतके आपण ते पाहतच आलो आहोत.

पण हे चित्र काढले कोणी? यक्षाने. तो रामगिरीवर, ती अलकेत. मधल्या काळात त्याने तिला पाहिलेलेच नाही. ती अशी असेल, अशी झाली असेल, हे तो मनाशी योजून सांगतो आहे. इथे मूळ श्लोकांची रचना लक्षात घेतली पाहिजे. यक्ष मेघाला सांगतो, की ती तुला हे करताना दिसेल, किंवा ते करताना, किंवा आणखी काही करताना. हा 'किंवा' पुन्हा पुन्हा येतो. मला वाटते, कालिदासाचा प्रामाणिकपणा या 'किंवा'त आहे. आपला यक्ष अंदाज करतो आहे हे कवीला पक्के ठाऊक आहे. आपण वाचकांनी मात्र तो 'किंवा' गाळला आणि अंदाजालाच वस्तुस्थिती मानले.

दुसरी एक गोष्टही सांगितली पाहिजे, नाही तर कालिदासावर अन्याय होईल. यक्ष मेघाला नुसता निरोप देत नाही. तिला धीर दे आणि तिची खूण, तिचे शब्द घेऊन माझ्याकडे परत ये, असेही तो विनवतो. म्हणजे उत्तराची भूक त्याला आहे. पण उत्तर येण्यापूर्वीच काव्य संपते. मेघ होकार देत नाही आणि नकारही देत नाही. सज्जन माणसे न बोलताच काम करतात, अशी यक्ष स्वतःची समजूत घालतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून सी. डी. देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके यांच्यापर्यंत किती थोरांनी हे काव्य मराठीत आणले. शांताबाईंच्या रूपाने ते स्त्रीच्या लेखणीखालून गेले. पण अनुवादक मुळात नसलेले उत्तर आणणार कोठून? यक्षिणी मराठीतही मुकीच राहिली.

आता हा काव्यशास्त्रविनोद सोडून मी आमच्या शाळेच्या पटांगणावर येतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. सांबऱ्याला वायुदलाच्या जवानांना शिकवणारी शाळा आहे. आपल्या सीमाभागातल्या गावागावांतून माणसे फौजेत गेली आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी. तेव्हा २६ जानेवारीला वीरपत्नींचा सत्कार हा आपल्याकडचा नेहमीचा कार्यक्रम.

या 'वीरपत्नी' शब्दाकडे मी पूर्वी कधी नीट पाहिले नव्हते. शब्दाचा अर्थ वीराची पत्नी. पण व्यवहारात आपण तो केव्हा वापरतो? नवरा गेल्यावर. तो हयात असताना, सरहद्दीवर किंवा विमानात असताना, त्याच्या बायकोला आपल्या भाषेत पदवीच नाही. तिचे वाट पाहणे कायमचे झाले, की मग आपण शाल-नारळ घेऊन तिच्या दारी जातो. अमेरिकेत १९८४ पासून मे महिन्यात सैनिकांच्या जोडीदारांसाठी एक दिवस पाळतात आणि तो हयात सैनिकांच्या घरांसाठीही असतो. त्यांचे सगळेच घेण्यासारखे असते असे नाही, पण हे घेण्यासारखे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत असाच सत्कार झाला. प्रमुख भाषण माझे होते. मी चाळीस मिनिटे बोललो. यक्षिणी, उंबऱ्यावरची फुले, सगळे आले. काहींनी डोळे पुसले. त्या बाई दीड तास व्यासपीठावर मांडीवर नारळ धरून बसल्या होत्या. त्यांना दोन शब्द बोलायला सांगावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'सर, तुम्ही बोललात ते छान होतं. पण ते असताना नऊ वर्षं घर मीच चालवलं. तेव्हा पोराच्या अर्जावर माझी सही तुमच्या हापिसात चालली नव्हती. वडिलांचीच पाहिजे म्हणाले. ते तेव्हा बर्फात होते.'

अर्जावर 'वडिलांची सही' असे छापलेले होते, हे खरे. तो नमुना माझ्याच सहीने मंजूर झाला होता. मी यक्षिणीवर चाळीस मिनिटे बोललो आणि खरी यक्षिणी माझ्याच खिडकीवरून परत गेली होती. या लेखात मी कोणावर टीका करत असेन तर ती पहिल्यांदा स्वतःवर, असे वाचकांनी समजावे.

पाश्चात्त्य वाङ्मयात काय दिसते? फ्रेंच लेखक सेंट एक्झुपेरी हा स्वतः टपालाची विमाने चालवत असे. १९३१ साली त्याने रात्रीच्या विमानोड्डाणावर एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्यात फाबियाँ नावाचा वैमानिक पॅटागोनियाहून टपाल घेऊन येताना वादळात सापडतो. त्याची बायको घरी आहे. प्रत्येक फेरीला ती मनाशी हिशेब करते, की आता विमान इथे असेल, आता तिथे असेल. मग ती कचेरीत फोन लावते. राम घाटावरच्या त्या बाईंच्या हातातला मोबाईल मला इथे आठवला. साधन बदलले, हिशेब तोच. विमान येत नाही तेव्हा फाबियाँची बायको कचेरीत जाऊन साहेबापुढे उभी राहते. कारकून मान खाली घालतात. तिच्या तिथे असण्यानेच सगळी कचेरी अवघडून जाते. यक्षिणीपेक्षा ही एक पाऊल पुढे आली. ती उंबरा ओलांडून कामाच्या जागी आली. पण लेखकाची नजर साहेबाच्या कर्तव्यकठोर मनावर आहे. बाई येते आणि निघून जाते.

पुढे ३१ जुलै १९४४ रोजी सेंट एक्झुपेरी स्वतःच विमानासह नाहीसा झाला. त्याची बायको कॉन्सुएलो हिने त्या संसाराची आपली बाजू लिहून ठेवली होती. ती छापून आली २००० साली, ती वारल्यावर वीस वर्षांनी. उत्तर आले, पण इतक्या उशिरा, की ते वाचायला नवराही नव्हता आणि लिहिणारीही नव्हती.

मग आपल्याकडे उत्तर मागणारी कोणीच नाही का? आहे, आणि ती विदर्भाचीच आहे. व्यासांच्या वनपर्वातली दमयंती. आपण तिला रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे हंस आणि स्वयंवरापुरतीच ओळखतो. तिची खरी गोष्ट स्वयंवरानंतरची. नल तिला रानात टाकून जातो. ती चेदी देशात राहते, मग माहेरी येते. आणि तिथे ती उंबऱ्यावर फुले मांडत बसत नाही. ती चारी दिशांना ब्राह्मण पाठवते आणि त्यांच्याजवळ एक प्रश्न देते. हा प्रश्न सभांमधून विचारा आणि जो उत्तर देईल त्याचे उत्तर मला आणून सांगा. अयोध्येच्या राजाचा बाहुक नावाचा विद्रूप सारथी उत्तर देतो. तिला संशय येतो. मग ती दुसऱ्या स्वयंवराचा खोटा निरोप धाडते, कारण एका दिवसात इतका लांब रथ हाकणारा नलाशिवाय दुसरा नाही हे तिला ठाऊक आहे. रथ येतो. ती दासीला पाठवून सारथ्याची परीक्षा घेते, त्याने शिजवलेले अन्न मागवून चाखते आणि नवऱ्याला ओळखते. यक्षिणी वाट पाहते, दमयंती शोध घेते. आपल्या काव्यशास्त्राने मात्र पहिलीलाच आदर्श केले.

हे नाव घेतले म्हणजे आपल्याच काळातली दुसरी दमयंती आठवल्याशिवाय राहत नाही. दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे वायुदलात वैमानिक. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात शोरकोट विमानतळावरच्या हल्ल्यात त्यांचे सुखोई विमान पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने छापले. म्हणजे ते पॅराशूटने उतरले असावेत, जिवंत असावेत, अशी आशा निर्माण झाली. युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, पण ते आले नाहीत. त्या युद्धातल्या बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. आपल्याकडे असा कोणी नाही, असे पाकिस्तान सांगत आले.

दमयंतीबाईंनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि त्याच वेळी कागद गोळा केले, अर्ज केले, मंत्र्यांची दारे ठोठावली. २००७ साली बेपत्तांच्या नातेवाइकांबरोबर त्या पाकिस्तानात गेल्या आणि तिथल्या तुरुंगांतून फिरल्या. व्यासांच्या दमयंतीला उत्तर मिळाले. या दमयंतीला पन्नासहून अधिक वर्षे होऊनही मिळालेले नाही. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण 'अश्रू' आणि 'प्रतीक्षा' याच शब्दांपाशी घोटाळतात. मला त्यांच्याकडे पाहून आठवते ती चिकाटी, फाइल सांभाळण्याची शिस्त आणि कोर्टवर शेवटचा गुण जाईपर्यंत रॅकेट खाली न ठेवण्याची खेळाडूची सवय. त्यांचे दुःख मोठे आहेच, पण सन्मान करायचा तर त्यांनी केलेल्या कामाचाही केला पाहिजे.

प्रवासी विमानांचे जग वेगळे, असे वाटते. ते तितकेसे खरे नाही. वायुदलात सेवा करून पुढे प्रवासी विमाने चालवणारे कॅप्टन दीपक साठे आपल्यापैकीच. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडच्या पावसात ते आणि त्यांचे सहवैमानिक दोघेही गेले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळलेल्या विमानात बारा कर्मचारी होते. त्यांत महाराष्ट्रातल्या घरांतल्या मुली होत्या. या कामात आता बायकाही आहेत. तेव्हा घरी थांबून चूल आणि मुले सांभाळणारा नवराही असतो. त्याला तर आपल्या साहित्यशास्त्रात नावसुद्धा नाही. आठ नायिकांत त्याला बसवणार कुठे?

पेशवाईतल्या शाहिरांनी मोहिमेवर गेलेल्या शिपायांच्या बायकांच्या तोंडी लावण्या घातल्या. त्या गोड आहेत, पण रचणारे पुरुष. बाईचा स्वतःचा आवाज हवा असेल तर जात्यापाशी जावे लागते. आपल्याकडच्या दुभाषी घरांत एका जात्यावर मराठी ओवी आणि कानडी पद दोन्ही म्हटले गेले. फौजेत गेलेल्या भावाची, धन्याची आठवण त्या दळणगाण्यांत येते, पण ती येताना दळण थांबत नाही. हात चालू, पीठ पडते आहे आणि त्यातच आठवण. वीणा भिजली म्हणून गाणे विसरणाऱ्या यक्षिणीपेक्षा मला हे खरे वाटते. दुःख आणि काम ही दोन वेगळी खाती नाहीत, हे जात्यावरच्या बाईला माहीत होते. आम्हा एम. ए. झालेल्यांना ते उशिरा कळले.

राम घाटावरच्या त्या बाई निघताना म्हणाल्या होत्या, 'भीती वाटत नाही का, असं सगळे विचारतात. हे नसताना महिन्यात तुम्ही काय काय केलंत, असं कोणी विचारत नाही.' इतक्यात मोबाईलवर विमान खाली उतरल्याची खूण आली. त्यांनी सासूबाईंना सांगितले, 'उतरले हो आई,' आणि त्यांचा हात धरून पायऱ्या चढू लागल्या.

गावी परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. अर्जाचा नमुना बदलून 'पालकाची सही : आई किंवा वडील' असे छापून घेतले. हा 'किंवा' कालिदासाकडून घेतला म्हणायला हरकत नाही. आणि यंदाच्या २६ जानेवारीला भाषण केले नाही. ज्यांचे नवरे नोकरीवर आहेत अशा आयांना बोलावले आणि एवढेच विचारले, की गेल्या वर्षात तुम्ही काय काय केलंत, ते सांगा. पाच जणी लाजल्या. सहावी उठली. ती सात मिनिटे बोलली. सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, गळणारे छप्पर, पोराची दहावी. शेवटी म्हणाली, 'हापिसातले कागद कानडीत येतात. मला वाचता येत नव्हते. शेजारच्या अक्कांकडून शिकले. आता सगळं वाचते, अर्जही लिहिते. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सुट्टीवर आल्यावर दाखवणार आहे.'

पटांगणावर टाळ्या वाजल्या. माझ्या मनात आले, यक्षाला हे कधी सुचले असते का? वर्षभराने परत जाताना यक्षिणी आपण सोडली तशीच, उंबऱ्यापाशी बसलेली सापडेल अशी त्याची खात्री आहे. तो गेल्यानंतर तिने काय शिकून घेतले, हे त्याला ठाऊक नाही. ते मेघालाही सांगता येणार नाही. ते तिलाच विचारले पाहिजे, आणि ती बोलेल तेव्हा आपण गप्प बसले पाहिजे.